स्पिरिट लावायचं नाही

नानांच्या तबकड्या माझ्या घरी आल्या त्या चैत्राच्या उन्हामुळे. नाना शेवटच्या मजल्यावर राहतात, खोली पश्चिमेची, वर नुसता स्लॅब. दुपारी तीननंतर तिथल्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. इतकी वर्षं फाल्गुन संपत आला की नाना स्वतः सगळ्या पेट्या आतल्या खोलीत ओढायचे, खिडक्यांना ओल्या चादरी लावायचे. यंदा त्यांचं डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताने काही उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली आणि वहिनींनी सांगून टाकलं, "घरातलं एकच जुनं सामान मी सांभाळीन. कुठलं, ते तुम्ही ठरवा." माझं घर तळमजल्यावर, पुढ्यात जांभळाची सावली. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तबकड्या आणि त्यांचा ग्रामोफोन घेऊन टेम्पो दारात उभा राहिला.

ग्रामोफोनबद्दल मला माहीत होतं ते एवढंच, की कर्ण्यासमोर एक कुत्रा बसलेला असतो. मी शाळेत भूगोल शिकवला. गाणं ऐकायचे ते रेडिओवर, तेही पोळ्या लाटताना. आणि आता घरात साडेतीनशेच्या आसपास तबकड्या. दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅम भरते, म्हणजे सगळं मिळून सत्तर किलो. पेटी उचलताना हमाल म्हणाला, "पुस्तकं दिसतात." नाही म्हटल्यावर तो जरा थांबला. "मग लोखंड?"

सूचना दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या, त्याही हॉस्पिटलमधून. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास नाना यंत्राला जोडलेले असतात. उजवा हात मोकळा, त्यात फोन. "बाई, तबकड्या उभ्या ठेवायच्या. एकमेकींना टेकून तिरप्या झाल्या तर वाकतात. आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. पुसायला मऊ फडकं. फारच मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा एखादा थेंब, पण मधल्या कागदाला पाणी लागता कामा नये. आणि स्पिरिट लावायचं नाही. सॅनिटायझर तर नाहीच नाही."

"का बरं?"

"सुताराला विचारा."

मी खरंच विचारलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम चालू होतं. त्या कारागिराने चपड्याचे पिवळसर पापुद्रे स्पिरिटच्या बाटलीत टाकून दाखवले. संध्याकाळपर्यंत ते विरघळून मधासारखं पॉलिश तयार. चपडा म्हणजे लाख. तबकडी त्याच लाखेची. खरं तर तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळीच जास्त, पण त्यांना धरून ठेवते ती लाख. उन्हाने ती मऊ पडते, स्पिरिटने विरघळते, हातातून निसटली तर तुकडे. बहुतेक सगळ्या बाजूंनी नाजूक.

'झारखंड : लाख' हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलं पाठ करायची, मी पेपरात विचारायची. लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुमच्या फांद्यांवर पोसतात हेही पुस्तकात असायचं. पण त्या फांदीवरचा राळेसारखा थर खरवडून, वितळवून, बोटीने जर्मनीला जायचा आणि हानोव्हरच्या कारखान्यात त्याचं गाणं होऊन इकडे परत यायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. 1908 मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच बनू लागल्या. यंदा मुळशीच्या रस्त्याला फुललेला पळस दिसला तेव्हा बसमधून मान वळवून मी फांद्या बघत होते, फुलं नव्हे. लाख दिसली नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, माझं काही पडलं.

घरातलं चैत्राचं सगळं चालूच होतं. गच्चीवर कुरडया, त्यांच्यावर कोणाची तरी जुनी साडी, कावळे हाकलायला पोरांच्या पाळ्या. पहाटे चारला कोकिळ सुरू व्हायचा, त्याला थांबवायचं बटण नाही. वरच्या मजल्यावर चैत्रगौर बसली, हळदीकुंकवाला डाळ, पन्हं आणि ओले हरभरे. मी दोन डबे भरून घ्यायची सवय म्हणून दोन भरले, एक नानांचा, एक माझ्या मैत्रिणीचा, वकीलबाईंचा. मग आधी वहिनींना फोन केला. कैरीची डाळ नाही. पन्हं नाही. शहाळं तर अजिबात नाही, त्यात पोटॅशियम. पाणी दिवसाला लिटरभर, तेही चहा आणि आमटी धरून. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, एवढं तरी आपल्याला येतं असं मला वाटत होतं. या चैत्रात तेही गेलं. मग काय न्यायचं? वहिनी म्हणाल्या, "बातमी आणा. ती कितीही चालते."

म्हणून मी तबकड्यांची बातमी न्यायला लागले. कुठलं पाकीट फाटलंय, कुठल्या लेबलवर कोणी पेनाने 'सौ. ताईस' लिहिलंय. तब्येतीचं विचारलं की नाना "ठीक" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. ओडियन कंपनीच्या लेबलचा रंग विचारला की मात्र पाच मिनिटं बोलतात, आणि त्या बोलण्यात दम लागतोय का, आवाज बसलाय का, हे मला कळतं. ही युक्ती मला सुचलेली नाही. वहिनी बहुधा कित्येक वर्षं हेच करत असाव्यात.

एकदा त्यांच्या घरी गेले तर त्यांनी डावा हात पुढे केला. "बोट ठेवा इथे." मनगटाच्या वर, जिथे ऑपरेशन करून रोहिणी आणि शीर जोडली आहे, तिथे. मी घाबरतच ठेवलं. कातडीखाली बारीक, सलग थरथर, न थांबणारी. गाणं संपून तबकडी नुसतीच फिरत असताना साउंडबॉक्सला, म्हणजे पिन बसवतात त्या डबीला, बोट लावलं तर लागते, अगदी तशी. रोज सकाळी ती तपासायची. थरथर लागेनाशी झाली तर चहासुद्धा न घेता हॉस्पिटल गाठायचं. "चालू आहे," मी म्हटलं. "मग चावी भरायला नको," नाना म्हणाले.

चावीवरून आठवल्या वकीलबाई. त्या माझ्या वर्गमैत्रीण. चाळीस-एक वर्षं कोर्टात गेली, आता पार्किन्सन्स. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात. आवाजही खाली गेलाय. ज्या बाईचा युक्तिवाद बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू यायचा, तिला आता रिक्षावाला "काय म्हणालात?" विचारतो. ग्रामोफोन आलाय म्हटल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. गोळी लागू पडल्यावरचा काळ त्यांचा बरा जातो, तेवढ्या वेळात.

आम्ही दोघी नवशिक्या. पिन कशी बसवायची यावर पाऊण तास. ही पिन पोलादाची, आणि प्रत्येक बाजूला नवी घालायची. एका बाजूला फार तर साडेतीन मिनिटं गाणं, तेवढ्याला एक पिन! मला ही उधळपट्टी वाटली. नानांना फोन लावला. तबकडीतली दगडाची भुकटी मुद्दामच असते, म्हणाले. पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. खाचेपेक्षा पिन झिजावी अशी ती योजना. एकदा झिजलेली पिन पुन्हा लावली तर तिची धारदार कड खाच खाते. "दोनशे पिनांची डबी मिळते हो बाई, पण तबकडी मिळत नाही." नव्या प्लेअरची सुई चालेल का, हेही मी विचारून घेतलं. नाही. एलपीची सुई या रुंद खाचेत तळाशी जाऊन खरखरत बसते. आणि पुष्कळशा नव्या प्लेअरना 78 चा वेगच नसतो.

मी चावी भरली. वकीलबाईंनी साउंडबॉक्स धरला. मी श्वास रोखून, कारण तो थरथरणारा हात आणि खाली न मिळणारी तबकडी. पण हात पुढे गेला तसा शांत झाला. पिन पहिल्या खाचेत अलगद बसली. त्या म्हणाल्या, हा आजार असाच आहे, हात रिकामा असला की थरथरतो, काम दिलं की पुष्कळदा थांबतो. मग ठरूनच गेलं. चावी माझी, पिन त्यांची.

त्या पेटीत 1925 च्या आधीच्याही काही तबकड्या आहेत. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणारा भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच मेणावर खाच उमटायची. त्यामुळे ते लोक गातात म्हणजे जवळजवळ ओरडतात. वकीलबाईंच्या थेरपिस्टने त्यांना मोठ्याने बोलायचा सराव दिला आहे, ताणून 'आ', जितका वेळ निघेल तितका. त्या तो आता नाट्यपदांबरोबर करतात. तान वर गेली की यांचा 'आ'. पहिल्या दिवशी वरच्या काकू धावत खाली आल्या.

नानांचं चार तासांचं यंत्र आणि आमची मैफल कधीकधी एकाच वेळी येते. ते कानाला इअरफोन लावून ऐकतात. बालगंधर्व चालतात, हिराबाई चालतात. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी मात्र लावू देत नाहीत. "इथे शेजारच्या खाटेवर टीव्ही चालू असतो. ती घरी आल्यावर, दोन्ही कानांनी." एकदा त्यांनी गौहरजानची गोष्ट सांगितली. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात तिचं रेकॉर्डिंग झालं. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकडी जर्मनीत बनायची आणि तिथल्या माणसांना लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं. "मलाही इथे प्रत्येक वेळी सुई टोचण्याआधी विचारतात, नाव सांगा. मी गाणं न म्हणताच सांगतो."

एका दिवशी फोन आला नाही. मी कॅटलॉग लिहायला बसले होते. तबकडी क्रमांक, लेबल, गायक, राग, स्थिती. चार वाजले. वहिनींचा फोन लागेना. मी लिहीत राहिले. 'स्थिती : कडेला तडा, ऐकण्याजोगी.' पुन्हा फोन. 'स्थिती : बरी.' साडेपाचला वकीलबाई आल्या, तोंडाकडे बघून काही न विचारता समोरची पेटी पुढे ओढून पाकिटं पुसायला लागल्या. सातला वहिनींचा फोन. रक्तदाब एकदम उतरला होता, पायात गोळे आले, यंत्र मध्येच थांबवून सलाइन दिलं, आता घरी आणलंय. या उपचारात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. होतं म्हणजे पुन्हाही होणार. त्या रात्रीच्या नोंदींत माझं अक्षर पाहून नंतर नानांनी विचारलं, ही कोणी लिहिली?

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी वकीलबाईंनी धीर करून विषय काढलाच. त्यांच्या पद्धतीने, कलमवार. संग्रहाचं पुढे काय, कोणाला द्यायचा, विकायचा की एखाद्या संस्थेला, हे नानांनी लिहून ठेवावं. दोन साक्षीदार आम्ही आहोतच. फोन स्पीकरवर होता. हळू आवाज, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. सराव कामी आला म्हणायचा. पलीकडे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "बाई, कॅटलॉगमध्ये बालगंधर्व कुठल्या अक्षराखाली घेतलेत?"

मी म्हटलं, "त्यांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणून 'रा' खाली."

"चूक. 'बा' खाली घ्या. 'रा' खाली कोणी शोधणार नाही." आणि जरा थांबून, "वकीलबाईंना सांगा, त्यांचं ते मृत्युपत्र 'म' खाली. अजून 'क' संपला नाहीये."

वकीलबाईंनी वही ओढून घेतली. 'क' मध्ये किती उरलेत ते बघायला लागल्या.