फोन माझ्या हातात होता

रील काढताना कुणी पाण्यात वाहून गेलं, कुणी कड्यावरून घसरलं, तर बातमी त्याची होते. समोर फोन धरून उभा असलेला बातमीत फारसा येत नाही. ‘जरा मागं सर’, ‘अजून थोडं’, ‘परत एकदा घेऊ’ असं म्हणणारा मात्र तोच असतो. आमच्यात तो मी होतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या मित्रमंडळात चेहरा एका मित्राचा आणि फोन माझा, अशी कामाची वाटणी ठरूनच गेली होती. त्याला कॅमेऱ्यासमोर संकोच नाही आणि मला फ्रेम बरी जमते. धोका तो घेतो, मी तर कोरड्यावर उभा असतो, अशी मी माझी समजूत घालत आलो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा ती समजूत किती खोटी होती ते कळलं.

सुरुवात साधी होती. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. कॉलेज बंद, बाहेर कोरोना, हातात फोन. निर्बंध सैल झाले तसं आम्ही भुईकोट किल्ल्याची तटबंदी काढली, सिद्धेश्वर तलावात पडलेलं देवळाचं प्रतिबिंब काढलं, हिप्परग्याच्या तलावावरचा सूर्यास्त काढला. मनापासून काढलं, पण बघणारे आमचेच मित्र आणि नातेवाईक. मग एकदा मोकळ्या रस्त्यावर त्यानं दोन्ही हात सोडून मोटारसायकल चालवली आणि मी दुसऱ्या गाडीवर मागं बसून ते टिपलं. त्या एका रीलला जेवढे व्ह्यूज आले, तेवढे आधीच्या सगळ्यांना मिळून आले नव्हते.

तिथून आमची नजर बदलली. जागा सुंदर आहे का, हे मी बघेनासा झालो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल का, एवढंच बघू लागलो. मग तलावाचा कठडा झाला, अर्धवट बांधकामाची गच्ची झाली, रेल्वेचे रूळही झाले. परवानगीशिवाय रुळांवर जाणं रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. या सगळ्या जागा मी शोधल्या. ‘मला तिथं उभं कर’ असं तो कधीच म्हणाला नव्हता.

सीनेकडं तर एरवी आमचं लक्षही नसे. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतून येते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांत अडवलेलं पाणी सोडलं तर पात्र कोरडं. त्या सप्टेंबरात मात्र वरच्या भागात धो धो पाऊस झाला, धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि सीनेचा विसर्ग दोन लाख क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत लाखो लिटर पाणी पुढं गेलेलं असायचं. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद झाला, वडकबाळजवळ विजापूरचा. काठच्या गावांतली माणसं घरदार सोडून सुरक्षित जागी निघाली होती. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की असं दृश्य पुन्हा मिळणार नाही.

सैफुल, सोरेगाव मागं टाकून आम्ही हत्तूरच्या दिशेनं निघालो. पुढं पोलिसांनी बॅरिकेड लावले होते. ‘फिरा मागं, पुढं पाणी आहे,’ एवढंच ते म्हणाले. आम्ही मागं फिरलो आणि त्यांच्या नजरेआड झाल्यावर शेतातल्या कच्च्या रस्त्यानं पुन्हा नदीकडं वळलो.

तो रस्ता एका ओढ्याच्या मोरीवर येऊन पाण्यात शिरत होता. पलीकडं उसाचे नुसते शेंडे दिसत होते. पाणी चहाच्या रंगाचं, त्यावर कडब्याच्या पेंढ्या आणि ठिबकच्या नळ्या वाहत चाललेल्या. तो चपला काढून घोटाभर पाण्यात उभा राहिला. फ्रेममध्ये त्याच्या पायाखालचा रस्ता दिसत होता. मला रस्ता नको होता, चारी बाजूंनी पाणी हवं होतं.

‘मागं जा बे,’ मी म्हणालो. तो दोन पावलं सरला. ‘अजून.’ पाणी गुडघ्याला लागलं. ‘ओढ लागायलीय बे,’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘दोनच सेकंद. हात पसर.’

त्यानं हात पसरले, एक पाय मागं टाकला आणि तो पाय कशावर टेकलाच नाही. मोरीच्या कडेची माती पाण्यानं आधीच खालून नेली होती. तो आडवा झाला, दोन-तीन कासरे वाहत गेला आणि अर्ध्या बुडालेल्या बाभळीला अडकला.

जवळच एक शेतकरी पाणी शिरलेल्या गोठ्यातून जनावरं बाहेर काढत होते. ते ओरडतच धावत आले. हातातल्या म्हशीचा कासरा त्यांनी सोडवून घेतला, त्याला दुसरा दोर जोडला, एक टोक लिंबाच्या बुंध्याला गुंडाळलं आणि दुसरं पाण्यात फेकलं. पहिल्यांदा दोर पोचला नाही. पुन्हा फेकला तेव्हा मित्राच्या हाताला लागला. तोवर त्यांच्या घरातली माणसं आली होती, सगळ्यांनी मिळून त्याला ओढून घेतलं. सोडलेली म्हैस पाण्याच्या बाजूला निघाली होती. तिला वळवायला त्यांचा मुलगा चिखलातून पळत गेला. गोठा, वैरण, दारातलं धान्य पाण्यात चाललं होतं आणि त्यांचा तो वेळ आमच्यापायी गेला.

या सगळ्यात मी काय करत होतो, ते नंतर व्हिडिओत दिसलं. फोन चालू होता. तो पडल्यावरही काही सेकंद चित्र स्थिर आहे, हात हललेला नाही. तो बाभळीला अडकेपर्यंत मी त्याला फ्रेमच्या मधोमध ठेवलं आहे. मग शेतकऱ्यांचा आवाज येतो, ‘अरे, फोन ठेव की खाली!’ आणि चित्र चिखलाकडं वळतं. हे टिपून घ्यावं, असं मला त्या क्षणी वाटलं होतं का? नाही. पण धावावं, असंही वाटलं नव्हतं. तळहाताएवढ्या चौकटीतून बघायची इतकी सवय लागली होती की मित्र वाहून चाललाय हे डोळ्यांना दिसलं तरी पाय जागचे हलले नाहीत. हे लिहायला सगळ्यात जड जातं.

याहून मोठी चूक मी त्या रात्री केली. मित्राला खरचटलं होतं, बाकी तो ठीक होता. घरी आम्ही ‘गाडीवरून घसरलो’ एवढंच सांगितलं होतं. रात्री मी व्हिडिओ उघडला, पाय चुकण्याच्या क्षणभर आधी तो कापला, वर संगीत घातलं आणि टाकून दिला. ‘ओढ लागायलीय’ हे त्याचं वाक्य संगीताखाली दबून गेलं. त्यात बॅरिकेड नव्हते, खचलेली मोरी नव्हती, कासरा नव्हता, तो फेकणारे शेतकरी नव्हते. उरले ते पसरलेले हात आणि मागं अथांग पाणी. त्यातलं एकही चित्र खोटं नव्हतं, तरी ती रील धडधडीत खोटी होती.

ती जोरात चालली. काही दिवसांनी आमच्या सोसायटीतली आठवी-नववीची मुलं जिन्यात भेटली. ‘दादा, आम्ही पण काढलं,’ म्हणत एकानं फोन पुढं केला. संभाजी तलावाच्या कठड्यावर, पाण्याकडं पाठ करून, हात पसरून एक मुलगा उभा होता. पोझ तीच, संगीतही तेच. व्हिडिओत मागून दुसऱ्या मुलाचा आवाज येत होता, ‘अजून मागं.’ हे शब्द त्यांनी माझ्या रीलमध्ये ऐकले नव्हते, ते मी दाबून टाकले होते. फोन हातात आला की ते आपोआप तोंडात येतात. कठड्यावरच्या त्या मुलाला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं.

मी तिथंच उभ्या उभ्या माझी रील काढून टाकली आणि त्या मुलांना पूर्ण व्हिडिओ दाखवला, पाय चुकतो तिथपासून चिखल दिसतो तिथपर्यंत. संध्याकाळी आम्ही दोघांनी आपापल्या घरी खरं सांगितलं. मित्राची आई रागावल्या नाहीत. ‘तू बरोबर असतोस म्हणून मला काळजी नसायची रे,’ एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी अशा बातम्या वेगळ्या तऱ्हेनं वाचू लागलो. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनला २३ वर्षांची तरुणी मोटार चालवून बघत होती आणि तिचा मित्र व्हिडिओ काढत होता; गाडी उलटी जाऊन दरीत कोसळली आणि तिचा जीव गेला. त्याच महिन्यात पुण्यात जांभूळवाडीजवळ एका पडक्या इमारतीवरून एक मुलगी मित्राच्या एका हाताला धरून लोंबकळली. ती सुखरूप राहिली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पण तो व्हिडिओही कुणीतरी काढतच होतं. पुढच्या महिन्यात, १६ जुलैला, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील काढताना २७ वर्षांची तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली आणि दगावली. प्रवासाच्या रील्ससाठी ती प्रसिद्ध होती, लाखो लोक तिला बघत होते. भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेल्यावर, जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांसाठी जो मनाई आदेश काढला, त्यात धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी घालावी लागली.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ ते २०१७ या काळातल्या बातम्या तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सेल्फीच्या नादात जगभरात २५९ मृत्यू झाल्याचं त्यांना आढळलं. त्यांत सर्वाधिक भारतातले होते, सर्वाधिक बुडून झालेले होते, आणि मेलेल्यांचं सरासरी वय २३ च्या आत होतं. माझा मित्र साधारण त्याच वयाचा. तो अभ्यास झाला तेव्हा रील्स सुरूही झाल्या नव्हत्या.

पाण्याबद्दल जे मला आधी कळायला हवं होतं, ते मी नंतर वाचून काढलं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोरात वाहणारं सहा इंच पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडू शकतं, दोन फूट पाणी मोटार उचलून नेतं. आपण स्थिर उभे असलो तरी टाचेखालची माती निघून जातच असते. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही. फोनमध्ये तर मुळीच नाही. मोठा परिसर बसवायला आपण रुंद लेन्स लावतो. तिच्यात मागची लाट लहान आणि लांब दिसते. मी ज्या पाण्याला लांब समजत होतो, ते त्याच्या पाठीला लागलं होतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं त्या शेतकऱ्यांकडं गेलो. सोयाबीन जागेवर कुजून काळं पडलं होतं. नदीकडच्या रानातली माती खरडून गेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता. ते फावड्यानं गोठ्यातला गाळ ओढत होते. आम्ही माफी मागितली. ‘जीव वाचला, बास झालं,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्या दिवशी लई जण आले इकडं फोन घेऊन. जनावरं सोडायला एकानंबी हात लावला नाही.’ त्यांच्या संकटाला मी पाठीमागचं दृश्य म्हणून वापरलं होतं, याला माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. आम्ही गाळ काढू लागलो. निघताना ते म्हणाले, ‘आमचं पोरगंबी दिवसभर हेच बघतंय. त्याला सांगा की तुमचं काय झालं ते.’ आम्ही त्याला सांगितलं. तेच आज इथं लिहिलं आहे.

आम्ही रील काढणं सोडलेलं नाही. कुडलच्या संगमावर, किल्ल्यात, गड्ड्याच्या यात्रेत आजही काढतो. पूर आणि बंद केलेला रस्ता दिसला की मागं फिरतो. समोरचा ‘नको’ म्हणाला की फोन खाली येतो, कारण विचारायचं नाही. आणि जो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत आईवडिलांना दाखवता येणार नाही, त्याचा तुकडाही कुठं टाकायचा नाही.

तुमच्यापैकी जे फोन धरतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे. कॅमेऱ्याकडं तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची पाठ धोक्याकडं असते. मागं किती जागा उरली आहे, ते त्याला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं आणि तो तुमच्या शब्दावर पाय उचलतो. म्हणून ‘मागं सर’ म्हणण्याआधी फोन खाली घ्या, उघड्या डोळ्यांनी त्याच्या मागं बघा, आणि जराही शंका आली तर त्याला पुढं बोलवा. त्याला काही झालं तर ते तुमच्या सांगण्यावरून झालेलं असेल.