विचारायला लाजू नका



मोठेपणी डॉक्टर होणार, असे तुमच्यापैकी पुष्कळ जण सांगतात. आपल्या आदिलाबादेत २००८ साली ‘रिम्स’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ते स्वप्न घराजवळ आले आहे. म्हणून आमच्या कामाविषयी थोडे सांगतो. अतिदक्षता विभागात नव्या डॉक्टरांना व नर्सना तयार करणे, हे आमचे काम.

या विभागाची सुरुवातच विद्यार्थ्यांच्या हातांनी झाली. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांना पुरतील एवढी यंत्रे नव्हती. तेव्हा डॉ. ब्योर्न इब्सेन यांच्या पद्धतीने सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. अनेक जीव वाचले.

आज व्हेंटिलेटर आहे, तरी आमचा पहिला धडा तोच: आधी रुग्णाची छाती पाहा, मग मॉनिटर. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढ माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. तो वाढत गेला तर थांबू नका, वरिष्ठांना बोलवा.

हे शेवटचे शिकवणेच सर्वांत अवघड. रात्री अडीचला फोन केला तर साहेब रागावतील, आपले अज्ञान दिसेल, अशी भीती असते. एकदा एका नव्या डॉक्टरने फोन केला, “सर, कदाचित काहीच नसेल, पण श्वास ठीक वाटत नाही.” आम्ही गेलो. नळीत कफ अडकत होता. तो काढला आणि रुग्ण सावरला. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्या फोनचे कौतुक केले.

नातेवाइकांनाही विचारावे लागते. एक आजी मराठीत सहज म्हणाल्या, “आठ दिवस हे बसूनच झोपत होते.” त्या एका वाक्याने हृदयाचा आजार लक्षात आला. आपल्या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू बोलणारी माणसे दवाखान्यात येतात. म्हणून इथे शिकलेली प्रत्येक भाषा उपयोगी पडते.

पालकांना आणि विश्वस्तांना एकच विनंती. वर्गात “मला समजले नाही” म्हणणाऱ्या मुलाला हसू देऊ नका. उद्या रात्रपाळीत तोच वेळेवर फोन उचलेल.