पाणी गेलं कुठं?

आमच्या कंधारात समुद्र आहे. परगावची माणसं हे ऐकून हसतात. पण राष्ट्रकूटांच्या काळातल्या आमच्या तलावाचं नावच जगत्तुंग समुद्र आहे, त्याला आम्ही काय करणार? किल्ल्याभोवती पाण्याचा खंदकही आहे. जिथं पाणी मोजून मिळतं, तिथल्याच माणसांना तळ्याला समुद्र म्हणावंसं वाटत असावं.

समुद्राच्या गावात वाढलो खरा, पण आमचा हिशेब घागरीचाच. उन्हाळ्यात हापशावर रात्रीच नंबर लागायचे. आजी मला बाजेवर बसवून आंघोळ घालायची आणि बाजेखाली परात ठेवायची. वरून दोन तांबे, खाली जमेल ते अंगणातल्या जास्वंदीला. म्हणून डोक्याला शिकेकाई. "साबणाच्या पाण्यानं झाड जळतंय," असं तिचं शास्त्र होतं.

असा माणूस २०२४ च्या एप्रिलमध्ये थायलंडातल्या चियांग माईला गेला, तेही नेमका सोंगक्रानच्या दिवसांत.

सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच. शब्द मूळ संस्कृतातला. आपण मकर संक्रांतीला तिळगूळ वाटतो. ते लोक मेष संक्रांतीला, एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना, नवं वर्ष साजरं करतात. याच सुमारास पंजाबात वैशाखी असते, केरळात विशू, आसामात बिहू. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं सोंगक्रानला जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे 'संक्रांत कोसळली' म्हटलं की छातीत धस्स होतं. माझ्यावर तर ती खरोखरच कोसळली. थाफे वेशीपाशी रिक्षातून उतरलो आणि मागून कुणीतरी बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली डोक्यावर उपडी केली. वळून बघतो तर आजीच्या वयाची एक बाई तोंडभर हसत हात जोडून उभी. आता भांडायचं तरी कुणाशी?

राजा मंगराय यानं १२९६ मध्ये हे शहर वसवलं. जुन्या शहराला चौकोनी खंदक आहे, त्यामुळे मला क्षणभर घरीच आल्यासारखं वाटलं. या तीन दिवसांत माणसं त्या खंदकात बादल्या बुडवतात आणि समोर येईल त्याला न्हाऊ घालतात. उघड्या गाड्यांत पाण्यानं भरलेली पिंपं, पिंपांभोवती पोरं. रस्ता भिजतो, उन्हानं दोन मिनिटांत सुकतो, पुन्हा भिजतो. पहिल्या दिवशी वाट फ्रा सिंग या विहारातल्या बुद्धमूर्तीची मिरवणूक निघाली. दुतर्फा उभी माणसं मूर्तीवर सुगंधी पाणी शिंपडत होती. तेवढं मला समजलं. बाकीच्या पाण्याचे मात्र मी मनातल्या मनात हंडे मोजत होतो. एका पोरानं माझ्या हातात पाण्याची पिचकारी दिली. मी लोकांच्या पायांवर चार-चार थेंब मारले. पोहरा हिंदकळला तरी ओरडा खाल्लेला हात तो; एकदम कसा सैल सुटणार?

त्यात मला २०१६ आठवत होतं. त्या वर्षी आमच्या शेजारच्या लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी इकडे सोंगक्रान सुरू झाला असणार. पण दुष्काळानं त्या वर्षी थायलंडलाही गाठलं होतं, आणि सणात पाणी जपून वापरा असं तिथल्या सरकारलाही सांगावं लागलं होतं.

१४ तारखेला संध्याकाळी घरी फोन लावला. पलीकडून आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज येत होता. चौकाचौकांत थंड पाण्याची पिंपं ठेवलीत, असं भाऊ सांगत होता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ज्या ओंजळीनं उचललं, तिची आठवण आमच्याकडे याच दिवसांत येते. पाणी अंगावर उडवण्याची चैन निराळी आणि ओंजळीत घेण्याचा हक्क निराळा, असं काहीबाही डोक्यात घेऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी मी मुक्काम केलेल्या घराच्या मालकिणीनं बोलावलं. अंगणात तिची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात पुढे जोडून. घरातली माणसं एकेक करून येत, वाकत, तिच्या तळहातांवर पाणी ओतत आणि ती पुटपुटत आशीर्वाद देई. चांदीसारख्या वाडग्यात पिवळसर पाणी होतं. त्यात करडईच्या केशरी पाकळ्या, हळद आणि चपट्या, तपकिरी शेंगा. शेंग उचलून नाकाशी नेली आणि मी थबकलो. शिकेकाई! तिकडे तिला सोमपोय म्हणतात. या रिवाजाच्या नावाचा मूळ अर्थच मुळी 'डोकं धुणं' आहे, हे मालकिणीनं सांगितलं.

माझी पाळी आली. हात सवयीनं आखडलाच. धार करंगळीएवढी पडली. म्हातारीनं डोळे मिटून ती तेवढीच घेतली. कुणीही मला 'अजून ओत' म्हटलं नाही. तळहातांवरून निथळलेलं पाणी खाली ठेवलेल्या घंगाळात जमत होतं.

कंधारला परतल्यावर आईला मोबाइलवरचे फोटो दाखवले. भिजलेले रस्ते, पिंपं, पिचकाऱ्या. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"लई पाणी हाय बाबा त्यांच्याकडं," ती म्हणाली. "पण ते समदं गेलं कुठं?"

"उन्हात."

तिनं जीभ चावली, जणू मीच ओतलं होतं सगळं. मग मी शेवटचा फोटो उघडला. म्हातारीचे सुरकुतलेले हात, खाली घंगाळ.

"अन् हे?"

"हे तिच्या लेकीनं उचललं आणि कुंपणाजवळच्या झाडाला घातलं."

आईनं मोबाइल जवळ घेतला, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला.

"कशाचं झाड?" तिनं विचारलं.