उसने गाणे

दुसऱ्याचे गाणे गाऊन टाळ्या मिळविणाऱ्यांविषयी माझे मत मुळीच चांगले नव्हते. ट्रेसी चॅपमन या गायिकेचे १९८८ मधील ‘फास्ट कार’ मला अतिशय प्रिय. दारिद्र्यातून निसटू पाहणाऱ्या, दुकानात राबणाऱ्या एका मुलीची ती कैफियत. २०२३ साली ल्यूक कोम्स या धिप्पाड गायकाने तेच गाइले, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच ऐकावयास बसलो. पण या गृहस्थाने त्या मुलीचा मुलगा केला नव्हता! माझ्या आठ्या विरल्या. पुढे २०२४ च्या ग्रॅमी समारंभात दोघांनी ते एकत्र गाइले. तिची ओळ आली की हा तिच्याकडे भाविकपणे पाहत नुसते ओठ हलवी. उसन्या साखरेची वाटी शिगोशीग भरून परत करावी, असे आई सांगे; ते मला तेव्हा आठवले.