गळ, पाळी आणि परवाना

शिष्टाचार हा शब्द आम्हा सरकारी मंडळींच्या तोंडी बहुधा एकाच अर्थाने येतो. कोणाची गाडी पुढे, कोणाची खुर्ची मधोमध, पुष्पगुच्छ कोणी द्यायचा. त्याचा दुसरा अर्थ असा की, जेथे लिहिलेले नियम संपतात तेथे माणसे एकमेकांशी कशी वागतात. अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून मला हा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. वाराणसीत नेमणूक असताना गंगेकाठी गळ टाकून बसणाऱ्यांकडे पाहत मी त्यावर बराच विचार केला.

काशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अहिल्याबाईंचा घाट, बायजाबाईंचा शिंदे घाट, ब्रह्मा घाटावरचे मराठी वाडे येतात. तेथे मासे धरण्याचे नाव काढले तरी काहींच्या भुवया उंचावतात. परंतु नदी केवळ तीर्थ नसते, ती कोणाची तरी चूलही असते. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा 1989 ते 2020 या काळात कासवांचे अभयारण्य होता. अर्धवट जळालेल्या प्रेतांचे अवशेष कासवांनी खाऊन पाणी स्वच्छ करावे, अशी गंगा कृती योजनेतली ती कल्पना. त्या पट्ट्यात मासेमारीस बंदी होती. त्यामुळे गळवाले पुलाच्या खालच्या अंगाला, वरुणा संगमाच्या दिशेने बसत. हिवाळ्यात सकाळी फिरायला जाताना मी मुद्दाम तिकडे वळत असे.

मंडळी संमिश्र होती. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, दोन विणकर, एक रिक्षावाला, मल्लाह वस्तीतली दोन-तीन पोरे. कोणी छंदासाठी आलेला, तर कोणी रात्रीच्या कालवणासाठी. जात, धर्म, वय यांपैकी काही समान नसलेल्या या माणसांत काही नियम मात्र पक्के होते. नव्याने येणाऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूला बसायचे. दोन गळांत निदान एका काठीचे अंतर ठेवायचे. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला की आपली दोरी तत्काळ गुंडाळून घ्यायची. ‘कुछ मिला?’ हे एकदाच विचारायचे, आणि आमिष कशाचे आहे हे कधीच विचारायचे नाही. पाण्यावर सावली पडेल असे मागे उभे राहायचे नाही. हा शेवटचा नियम मला दुसऱ्याच दिवशी, अगदी अदबीने, ‘साहब, जरा इधर से’ या शब्दांत शिकवण्यात आला.

हे सारे कोठेही लिहिलेले नव्हते. 1897 च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यात सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास बंदी आहे. जाळ्याच्या आसाचा आकार, बंदीचा हंगाम यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. शेजाऱ्याची दोरी तोडू नये, एवढे मात्र त्यात नाही. इंग्लंडातल्या ट्राउटच्या नद्यांवर हा प्रश्न मालकीने सुटतो, कारण भरती-ओहोटीच्या टप्प्यापलीकडे मासे धरण्याचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकाचा असतो. काश्मीरमध्ये ट्राउटचे ओढे ‘बीट’ पाडून वाटलेले आहेत, परवान्यावर बीट लिहिलेला असतो. इतके होऊनही ट्राउटवाल्यांची भांडणे संपत नाहीत. एखादा माणूस पाण्यात उतरून सावकाश वर वर सरकत असतो, आणि दुसरा त्याच्या पुढच्याच डोहात येऊन पाणी ढवळतो. त्यांच्या जगात याहून मोठा उद्धटपणा नाही. आपल्या गंगेवर तर ना मालक, ना बीट.

एका रविवारी तेथे मोटारसायकलवरून एक तरुण आला. हातात नवीकोरी फायबरची काठी, चक्राची दोरी. रेल्वेवाले काका आणि एक विणकर यांच्या मधोमध उभा राहून त्याने गळ असा फेकला की दोघांच्या दोऱ्या त्यात गुंतल्या. काकांनी ‘भैया, थोडा नीचे’ म्हटले. त्यावर उत्तर आले, ‘नदी किसी के बाप की है क्या?’

कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य बिनतोड आहे. नदी कोणाच्याही बापाची नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतला विषय आहे, काकांच्या सूचीतला नव्हे. काकांनी वाद घातला नाही. दोरी सोडवली, दहा पावले सरकून बसले. पण त्या क्षणापासून त्या तरुणाशी कोणी बोलेना. कोठे पाण्याखाली जुने खुंट आहेत, कोठे चिंध्या अडकलेल्या आहेत, हे तेथे सर्वांना पाठ होते. त्याला कोणी सांगितले नाही. त्या सकाळी माझ्यासमोर त्याचे तीन गळ तुटले. पुढच्या दोन रविवारी तो आला, त्याच जागी उभा राहिला आणि रिकाम्या हाताने गेला. चौथ्या वेळी मी पाहिले तेव्हा तो सर्वांच्या खालच्या अंगाला बसला होता आणि एक मल्लाह पोरगा त्याला बूच कसे बांधावे ते दाखवत होता. ना दंड, ना पंचनामा.

गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामायिक साधनांच्या शोकांतिकेचा सिद्धान्त मांडला: जे सर्वांचे, ते ओरबाडून संपणार. आम्ही एम. ए.ला तो जवळजवळ निसर्गनियमासारखा शिकलो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात त्याला छेद दिला, आणि 2009 साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी दिलेले तुर्कस्तानातल्या अलान्याचे उदाहरण मोठे रंजक आहे. तेथील कोळी दर सप्टेंबरात जाळी लावण्याच्या जागांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करतात. मग प्रत्येकजण रोज एक जागा पुढे सरकतो. चांगली जागा आज याला, उद्या त्याला. आपल्याकडे खानदेशात फड पद्धतीच्या पाण्याला पाळी असते, तसेच हे.

ही व्यवस्था चालते कारण माणसाला उद्या पुन्हा तेथेच यायचे असते. ज्याला यायचे नसते त्याच्यापुढे ती हतबल होते. पुलाखाली मी हेही पाहिले. पर्यटकांना घेऊन एक वेगवान मोटरबोट काठाला घासून गेली. लाटेने सहा जणांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या आणि मल्लाहाचे लावलेले जाळे फाटले. बोटीवरच्या लोकांनी हात हलवले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हेच त्यातले अधिक क्लेशकारक. त्या बोटीशी अबोला धरून कोणाचे काय बिघडणार होते? तिच्याकडे परवाना होता आणि काठावरच्या एकाकडेही नव्हता.

घाटावरच्या नावाड्यांचेही हेच. कोणत्या घाटावर कोणाच्या नावा, यात्रेकरूंची पुढची फेरी कोणाची, याची पाळी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. 2018 साली गंगेवर ‘अलकनंदा’ ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा निषाद समाजाच्या नावाड्यांनी विरोध केला. वर्तमानपत्रांतून तो ‘प्रगतीला विरोध’ म्हणून रंगवला गेला. पाळी मोडली, ही त्यांची तक्रार मात्र फारशी कोणाच्या कानांवर पडली नाही. कोकणच्या वाचकांना हे नवे नाही. रापणीचा दोर ओढायला हात लावणाऱ्याला वाटा देणारी व्यवस्था यांत्रिक नौकांपुढे कशी कोसळली, आणि सत्तरच्या दशकात गोव्याचे रापणकार रस्त्यावर का उतरले, हे त्यांना ठाऊक आहे.

तथापि वहिवाटीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पाळी असते म्हणजे पाळीबाहेरचाही कोणी असतो. ज्याचा बाप त्या घाटाचा नाही त्याला तेथे नाव लावता येत नाही, मग तो कितीही गरीब असो. आणि याच गंगेवर खाली बिहारात, सुलतानगंज ते पीरपैंती या पट्ट्यात, वाहत्या पाण्यावर ‘पानीदारी’ सांगणारे जमीनदार कोळ्यांकडून वसुली करीत होते. तीही वहिवाटच होती. 1982 साली कहलगावला गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले आणि 1991 मध्ये ती जमीनदारी संपली. रेल्वेवाल्या काकांची वहिवाट आणि त्या जमीनदारांची वहिवाट यांत फरक कोणता? माझ्या मते एवढाच, की काकांचा नियम त्यांच्या स्वतःवरही लागू होता. उशिरा आले तर तेही खालच्या अंगाला बसत.

असो. पुढे नदीवरील वाहतुकीसंबंधी एका बैठकीस मला उपस्थित राहावे लागले. कार्यालयाचे नाव येथे आवश्यक नाही. एका वृद्ध नावाड्याला विचारण्यात आले, ‘घाटावरील हक्काचा पुरावा काय?’ तो म्हणाला, ‘घाट पर पूछ लीजिए.’ सारे हसले. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्कांसाठी स्वतंत्र कलम आहे, याची मी आठवण करून दिली. हसणे थांबले, पण टिपणात काही आले नाही. मी सुचवले की मोटरबोटींचे मार्ग आणि वेग ठरवण्यापूर्वी प्रत्येक घाटाची पाळी आणि जाळी लावण्याच्या जागा एकदा लिहून काढाव्यात, आणि ते काम नावाड्यांना सोबत घेऊन व्हावे. अध्यक्षांनी मान डोलावली. इतिवृत्त लिहिणाऱ्या सहकाऱ्याने हळूच विचारले, ‘सर, हे कोणत्या शीर्षाखाली घेऊ?’ सुरक्षा, महसूल, पर्यटन, पर्यावरण अशी चार शीर्षे त्याने आधीच टंकून ठेवली होती. शेवटी त्याने पाचवे शीर्ष केले: ‘इतर’.