हिमाची चढण आणि दोन माणसांची गाडी

मॉन्ट्रियल शहराच्या मधोमध एक डोंगर आहे. उंची जेमतेम २३३ मीटर. आपल्याकडे त्यास टेकडीच म्हटले असते. परंतु शहराने आपले नाव त्याच्यावरूनच घेतलेले असल्यामुळे तिथे त्यास पर्वताचा मान आहे. या डोंगराच्या खांद्यावरून एक मोठा रस्ता जातो. फ्रेंच भाषेत त्याचे नाव कोत-दे-नेज, म्हणजे हिमाची चढण. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता इंदूरहून भाचीकडे राहावयास गेलो, तेव्हा दुतर्फा मेपलची पाने लालभडक झाली होती आणि या नावात आम्हांस केवळ काव्यच दिसले. त्यातला व्यवहार नोव्हेंबरात कळला.

भाची नदीपलीकडच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेचे काम पाहते. पाळी बहुधा रात्रीची. मॉन्ट्रियलची मेट्रो मोठी सुरेख आहे. १९६६ साली सुरू झालेली, रबरी चाकांवर धावणारी आणि संपूर्ण भुयारी. त्या रबरी चाकांस बर्फाचा स्पर्श होऊ नये म्हणून गाड्या कधी उघड्यावर येतच नाहीत. परंतु रात्री एकच्या सुमारास ती बंद होते, आणि रुग्णालय स्थानकापासून लांब. तेव्हा मुलीने गाडी घेतली, हे रास्तच होते. प्रश्न होता तो कोणती गाडी घेतली याचा.

दारात उभी होती ती लाल रंगाची, कापडी छपराची, २००८ सालची माझदा एमएक्स-५. आसने दोनच. जमिनीपासून पोटाची उंची वीतभरही नाही. जपानच्या या गाडीची पहिली आवृत्ती १९८९ साली जगापुढे आली आणि तेव्हापासून ती शौकिनांची लाडकी आहे, इत्यादी माहिती भाचीने उत्साहाने सांगितली. सौ.ने एवढेच विचारले, "अगं, पण आम्ही दोघे एकदम बसायचे कुठे?"

मे महिन्यात स्वतःच्या पगारातून घेतलेली ही तिची पहिली गाडी. उन्हाळाभर छप्पर उघडून ती एकटीच लॉरेन्शियन डोंगरात भटकून आली होती. परदेशातली पहिली चार वर्षे तिने कशी काढली ते आम्हांस ठाऊक होते, म्हणून या हौसेला नावे ठेवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तथापि मनात पाल चुकचुकली खरी.

ती का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. गॅरेजच्या भाषेत रिअर-व्हील-ड्राइव्ह. आमच्या पिढीला हे काही नवे नाही. अँबेसेडर तशीच होती, फियाटही तशीच होती. १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हा कुठे पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्या घराघरांत पोचली. सांवेरजवळच्या एका शेतावर ऐन श्रावणात आमची अँबेसेडर माळव्याच्या काळ्या मातीत रुतली होती, तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही. मागची चाके जागच्या जागी गरगरत होती आणि गाडी पुढे न जाता शेपटी हलवीत आडवी होत होती. शेवटी दोघा गड्यांना डिकीवर बसविले, तेव्हा ती निघाली. वजन मागे नाही, म्हणून चाकांना धर नाही, आणि धर सुटला की गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाशी शर्यत लावतो. पुढच्या चाकांची गाडी घसरली तर सरळ पुढे जाऊ पाहते, आणि पाय उचलला की पुष्कळदा सावरते. मागच्या चाकांची गाडी घसरली तर गिरकी घेते. काळ्या मातीत हे हसण्यावारी गेले. बर्फाच्या उतारावर ते जात नाही.

क्वेबेक प्रांतात हिवाळी टायरांची कायद्याने सक्ती आहे. २००८ च्या हिवाळ्यापासून ती १५ डिसेंबर ते १५ मार्च अशी होती. २०१९ पासून ती १ डिसेंबरलाच सुरू होते. त्यामुळे नोव्हेंबरात सारे शहर गॅरेजांच्या दारी लोटते. भाचीला वेळ मिळाली ती महिनाअखेरची. बर्फाने मात्र कायद्याचे पंचांग पाहिले नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्याच आठवड्यात एका दिवस-रात्रीत वीतभर बर्फ पडले.

त्या रात्री ती उन्हाळी टायरांवरच कामावर गेली. आम्ही झोपलेलो होतो. दोन दिवसांनी फुटपाथजवळ उभ्या गाडीच्या मागच्या चाकाची कड वाकलेली आम्हांस दिसली, तेव्हा तिने सांगितले. हिमाच्या चढणीवरून शहराकडे उतरताना वेग कमी करावा म्हणून तिने गिअर खाली घेतला. त्या झटक्याने मागची चाके अडली, गाडीने पुरती गिरकी घेतली, आणि मागचे चाक कठड्यावर आदळून ती उलट्या तोंडाने थांबली. वरून एक बस येत होती. ती वेळेवर थांबली.

"मामा, आईला नका सांगू," ती म्हणाली.

आम्ही रागाच्या भरात तिला गाडी विकून टाकावयास सांगितले. सौ.नेही सांगितले. हिवाळ्याच्या तोंडावर कापडी छपराच्या गाडीला कोण किंमत देणार, आणि दुसरी घेण्याइतके पैसे नाहीत, हे तिचे उत्तर बिनतोड होते. मग थोडे थांबून ती म्हणाली, "चूक गाडीची नव्हती, मामा. मी तयारी केली नव्हती." आम्ही गप्प राहिलो. परंतु आईला सांगावयाचे नाही, ही अट आम्ही एका प्रतिअटीवर मान्य केली: तयारी होईपर्यंत तिने टॅक्सीने जावे, आणि तयारी आमच्या डोळ्यांदेखत व्हावी.

आपल्याकडे मृगापूर्वी घरात काय गडबड असते! कौले शाकारणे, पागोळ्यांची वाट मोकळी करणे, पापड-कुरडया डब्यांत भरणे, सरपण आत घेणे. मॉन्ट्रियलचा नोव्हेंबर नेमका असाच आहे. फक्त बेगमी घराइतकीच गाडीचीही असते. उपनगरांत तर लोक अंगणात लोखंडी कमानींवर पांढरे कापड ताणून गाडीसाठी चार महिन्यांचा मांडवच घालतात. लग्नघराची आठवण व्हावी असे ते दृश्य असते.

गॅरेजचे मालक सत्तरी ओलांडलेले फ्रेंचभाषी गृहस्थ होते. भिंतीवर जिल व्हिलनव्ह यांचे मोठे छायाचित्र. याच प्रांताचे हे शर्यतपटू आधी बर्फावरच्या स्नोमोबाइलच्या शर्यती जिंकत असत आणि मग फेरारी चालवू लागले. १९७८ साली मॉन्ट्रियलला झालेली पहिली फॉर्म्युला वन शर्यत त्यांनीच जिंकली. १९८२ साली बेल्जियममध्ये अपघाती निधन झाले, आणि इथल्या शर्यतमार्गास त्यांचे नाव दिले गेले. आजोबांनी छायाचित्राकडे बोट दाखवून जे सांगितले, त्याचा भाचीने अनुवाद केला: यांची गाडीही मागच्याच चाकांची होती. आमची शंका त्यांनी चेहऱ्यावरून ओळखली असावी.

सर्वांत मोठे काम टायरांचे. उन्हाळी टायराचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागते आणि रस्ता धरीनासे होते. हिवाळी टायराचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत केसासारख्या शेकडो चिरा असतात, त्या बर्फास चिमटे घेतात. त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. ते नसेल तर तो टायर हिवाळी मानला जात नाही. टायर चारही बदलावयाचे. जोर मागच्या चाकांना, म्हणून मागचे दोनच बदलण्याची काटकसर पूर्वी पुष्कळ जण करीत. परंतु वळणे आणि बहुतांश थांबणे हे पुढच्या चाकांचे काम, तिथे धर नसेल तर मागचा धर काय कामाचा? भाचीच्या गाडीची १७ इंची चाके काढून १६ इंची साधी पोलादी चाके बसविली. चाक लहान, म्हणून रबर उंच. खड्डे आणि बर्फाचे गठ्ठे त्यास सोसतात. वाकलेले चाक गेले ते वेगळेच. चाकांचे नट शंभर किलोमीटरांच्या आत पुन्हा आवळून घ्या, असे आजोबांनी दोनदा बजावले. हवेचेही असेच. तापमान पाच-सहा अंश उतरले की टायरातला दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

वाळूचे पोते मागे ठेवावे का, हा आमचा सांवेरचा प्रश्न आम्ही विचारून घेतला. रिकाम्या मालवाहू गाडीत ठेवतात, इथे नको, असे उत्तर आले. या गाडीचे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखेच वाटलेले आहे. सुटे पोते अपघातात उलट अंगावर येईल. त्यापेक्षा पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा. ती आसनांच्या मागेच असते, तेवढे वजन योग्य जागी राहते आणि टाकीत दमटपणाचे पाणीही धरत नाही.

मग बॅटरी. कडक थंडीत, उणे १८ अंशांच्या सुमारास, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. जुनी बॅटरी तपासणीत नापास झाली. ऑइल पातळ घातले. डब्यावरच्या आकड्यापुढचे डब्ल्यू हे अक्षर विंटरचे, हे आम्हांस त्या दिवशी कळले. इंजिन थंड राखणाऱ्या द्रवात निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असेल, तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतले उन्हाळी पाणी काढून निळा हिवाळी द्रव भरला.

कापडी छपराची निगा आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटली. छपराच्या खाली दोन्ही बाजूंस पाणी वाहून जाण्याची बारीक छिद्रे असतात. त्यांत मेपलची पाने कुजून बसली होती. पागोळ्यांची वाट तुंबली की घरात पाणी येते, तसेच इथे. आणि इथे ते आत गोठते. भाचीने जाड दोरी घालून ती मोकळी केली. दाराच्या रबरांस सिलिकॉन चोळले, नाहीतर ती रात्रीतून चिकटतात आणि ओढताना फाटतात. छपरावरचे बर्फ मऊ कुंच्याने झाडावयाचे, खरवडावयाचे नाही. आणि कडक थंडीत छप्पर उघडावयाचे तर नावही काढावयाचे नाही. शेवटी गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा. रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवितात, ते मीठ पत्रा खाते. तेल पुढे दोन-तीन दिवस ठिबकत राहिले, आणि रस्ता असा तेलकट करण्याबद्दल शेजारच्या बाईंनी आम्हांस फ्रेंचमध्ये काही सुनावले. न समजल्यामुळे आम्ही नमस्कार केला.

डिकी एवढीशी. तिच्यात लहान फावडे, घोंगडी, बॅटरीला जोडण्याच्या तारा, मेणबत्ती आणि मांजराच्या शौचपेटीत घालतात त्या मातीची पिशवी. चाक फिरू लागले तर खाली ही माती टाकावयाची. घरात मांजर नसताना ही खरेदी करताना सौ.ला फार हसू आले.

तयारीचा शेवटचा भाग चालकाचा होता. कॅनडात १ सप्टेंबर २०११ नंतर बनलेल्या मोटारींत घसरण सावरणारी विद्युत यंत्रणा सक्तीची आहे. ही गाडी त्याआधीची, तिच्यात ती नाही. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आजोबांनी भाचीला एका बंद दुकानाच्या मोकळ्या आवारात बोलाविले. आम्ही कडेला उभे राहून पाय आपटीत पाहत होतो. दुसऱ्या गिअरमध्ये अलगद निघणे. गिअर खाली घ्यावयाचा तो उतार सुरू होण्यापूर्वी, आणि क्लच हळू सोडीत. झटका बसला की मागची चाके अडतात. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय उचलावयाचा नाही, चाके अडू न देणारी यंत्रणा आपले काम करीत असते. मागचा भाग सुटला तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावयाचा नाही. क्लच दाबावा, ज्या बाजूस शेपटी जाते त्या बाजूस स्टिअरिंग वळवावे, आणि नजर मात्र जिथे जावयाचे तिथे. पहिल्या पाच वेळा गाडी गिरकीच घेत राहिली. सहाव्या वेळी नुसती डुलली. तासाभराने ती डुलणे मुद्दाम घडवू लागली, तेव्हा आजोबांनी हात वर करून खेळ थांबविला.

त्यानंतर ती रात्रपाळीला त्याच गाडीने जाऊ लागली. आम्ही पहाटे जागेच असू. बर्फ उचलणारी यंत्रे येण्यापूर्वी टो-ट्रक भोंगे वाजवीत फिरतात, की गाड्या हलवा. ते भोंगे ऐकू आले की आम्ही खिडकीशी जात असू, आणि लाल गाडी दिसली की परत अंथरुणात.

निघण्याच्या दिवशी सौ. आणि सामान टॅक्सीने विमानतळावर गेले. आम्ही त्या गाडीत पहिल्यांदाच बसलो. दोन महिने काही ना काही निमित्ताने टाळले होते. बसणे कसले, जमिनीवर मांडी घालण्याचाच प्रकार. हिम भुरभुरत होते. कोपऱ्यावर भाचीने विचारले, "मामा, थोडी वाट वाकडी करून त्या उतारावरून जाऊ?"

आम्ही होकार दिला. उताराच्या माथ्यावर तिने गिअर खाली घेतला, क्लच हळूच सोडला. कठड्याची ती जागा मागे गेली तेव्हा तिने बोट दाखविले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

विमानतळावर सौ. आमची वाट पाहत ताटकळली होती. "इतका उशीर?" तिने विचारले.

"मामा सारखे म्हणत होते, सावकाश चालव," भाची म्हणाली. हे खरे नव्हते. वाटेत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.