'घे' म्हणू की 'घ्या'?

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, तो दिवसभरात तुम्हाला किती हुकूम सोडतो, कधी मोजलंय? अपडेट करा, परवानगी द्या, पुन्हा प्रयत्न करा. ही वाक्यं कुणीतरी पगार घेऊन लिहितं. त्यातलीच मी एक. बी.ए. इंग्रजी करून कंटेंट रायटर झाले आणि आता बेंगळूरजवळ होसकोटे इथं बसून रोज अनोळखी माणसांना आज्ञा करते.

सध्या आमच्याकडे औषधांच्या वेळांची आठवण करून देणाऱ्या एका ॲपचं काम आहे. मराठी मजकूर मी लिहिते. स्पॅनिश मजकूर बाहेरून येतो, तो मी ताडून बघते, कारण गेली दोन वर्षं मी संध्याकाळी स्पॅनिश शिकतेय. अख्खं ॲप एकाच क्रियापदावर उभं आहे: घेणे. स्पॅनिशमध्ये 'तोमार'.

मराठीत आज्ञा करायला फार काही लागत नाही. 'घेणे'तला 'णे' काढा, 'घे' उरतं. समोरचा वडीलधारा किंवा अनोळखी असेल तर 'घ्या'. स्पॅनिशचंही जवळपास तसंच. 'तोमार'चा शेवटचा 'र' काढला की 'तोमा', म्हणजे तू घे. आदर द्यायचा तर शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो: 'तोमे'. पुष्कळ जण असतील तर 'तोमेन', आणि आपण सगळे मिळून घेऊ या म्हणायचं तर 'तोमेमोस'. स्पेनमध्ये घरच्या चार जणांना 'तोमाद' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तिथेही 'तोमेन'च चालतं.

गंमत 'कोमेर'मध्ये आहे. कोमेर म्हणजे खाणे. 'कोमे' म्हणजे तू खा, आणि 'कोमा' म्हणजे तुम्ही खा! पहिल्या क्रियापदात 'ए' आदराचा होता, इथं 'आ' आदराचा. एका स्वराच्या अदलाबदलीवर माणूस अरेतुरेवरून अहोजाहोवर जातो. हा आदराचा स्वर येतो कुठून, तर इच्छा, शंका, विनंती सांगणाऱ्या रूपांतून. म्हणजे उसनाच घेतलेला. आपणही हेच करतो की! पाहुण्याला 'बसा' म्हणतो, पण फार मान द्यायचा असेल तर 'बसावं' म्हणतो. लग्नपत्रिकेत 'या' असं कुणी छापत नाही, 'यावे' छापतात. हुकमाला इच्छेचे कपडे घातले की तो सभ्य दिसतो, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक असावं.

'तू'च्या आज्ञेत आठ क्रियापदं नियम पाळत नाहीत. ती सरळ पाठ करावी लागतात: दी (सांग), आस (कर), वे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (धर), वेन (ये). यातल्या 'तेन'चं आदरार्थी रूप 'तेंगा'. हातात काही देताना 'हे घ्या' म्हणतात, तसं. इथं कन्नडमध्ये नारळाला तेंगिनकाय म्हणतात, त्यामुळे मला दरवेळी नारळच दिसतो. आणि होकारार्थी आज्ञेत 'ते', 'ती', 'मला' हे शब्द क्रियापदाला मागून चिकटतात. गोळी स्त्रीलिंगी, म्हणून 'ती घ्या' म्हणायला 'तोमेला'. कानाला अगदी मराठी वाटतं ना?

आता खरी अडचण. ग्राहक कंपनीचं म्हणणं, भाषा मैत्रीची हवी. स्पॅनिशमध्ये 'तोमा' आणि मराठीत 'गोळी घे'. माझा त्याला विरोध आहे.

मराठीत 'तू' जवळिकीचा आहे, हे खरं. आईला तू, देवाला तू. पण ती जवळीक आधी असते, मग 'तू' येतो. सकाळी आठ वाजता वाजणाऱ्या यंत्राने सत्तर वर्षांच्या माणसाला 'घे' म्हटलं, तर ती मैत्री होत नाही. स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही पटकन 'तू' म्हणतात, तिथं 'तोमा' खपून जाईल. उलट कोलंबियात बोगोटाकडे कित्येक घरांत मुलांनासुद्धा 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही' म्हणतात. मग एकाच मोजपट्टीने सगळ्या भाषा कशा मापायच्या?

होसकोटेत राहून तर हे रोज कळतं. आमच्या घरमालकीण आजी मला 'बा' म्हणतात, मी त्यांना 'बन्नि'. दोन्हींचा अर्थ ये, पण उलट कधीच चालणार नाही. तसं हे गाव मराठीलाही नवं नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बेंगळूर घेतलं. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होतं. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू'त कितीतरी भाषांतली कवनं घातली आहेत. त्या काळीही इथं कुणाला कुठल्या भाषेत काय म्हणायचं, याचा विचार करावाच लागत असणार.

हे सगळं मी कंपनीला मेलमध्ये लिहिलं, जहागिरीचा भाग वगळून. मग सांगलीला बाबांना फोन केला. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे हे ॲप ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकीच ते एक. विचारलं, "बाबा, फोन तुम्हाला 'गोळी घे' म्हणाला तर चालेल?"

"मला काहीही म्हणू दे गं," ते म्हणाले, "पण तुझ्या आजीला म्हणाला, तर ती फोन उलटा ठेवील आणि गोळीही घेणार नाही."

हे वाक्य मी मेलमध्ये शेवटी जोडलं. उत्तर अजून आलेलं नाही. तूर्त मराठीच्या रकान्यात 'घ्या' आहे. स्पॅनिशच्या रकान्यात मी 'तोमे' सुचवलंय आणि शेजारी विचारलंय की हे ॲप आधी कुठल्या देशात जाणार आहे.